भिवरेची कोठी आणि सड्यावरचा चिबूड

आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, तेव्हा माती नव्हती, झाड नव्हतं, आणि आडोसा म्हणाल तर एका माणसाला पुरेल एवढाही नव्हता. फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, माझ्या आजीच्या आजीनंसुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. नजर जाईल तिथवर नुसता काळा कातळ, आणि त्या कातळावर आमची वाडी. खालच्या गावचे लोक तिला उघडीवाडी म्हणायचे आणि गालातल्या गालात हसायचे. का हसायचे ते सांगते, त्यात लाजायचं काय?

पुरुषांचं काही अडत नव्हतं, ते परसाकडेला दरीच्या काठाला जायचे. बायकांनी कुठे जायचं? सड्यावर दिवसाउजेडी बसलेली बाई चारी दिशांनी दिसणार. म्हणून उजाडायच्या आत जाऊन यायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत कळ काढायची. या वाडीत मुलगी द्यायला कुणी धजत नसे.

तरी भिवरा आली. तिच्या माहेरच्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. नवरा गोणू चिरेखाणीत चिरे काढायचा, सरळ माणूस. सासू राही, तीही काही वाईट नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भिवरेनं पाण्याचा तांब्या उचलला तसा राहीनं तिचा हात धरला आणि हळूच सांगितलं, "पानी कमी पी गो. दिस मावळंपर्यंत थांबायचं असतं हितं."

भिवरेनं सासूकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर तो घटाघटा रिकामा केला. म्हणाली, "आये, तहानेनं मरायला मी लगीन नाय केलं."

राहीला राग आला. तिनं स्वतः सून म्हणून आल्यापासून कधी दुपारी घोटाच्या वर पाणी घेतलं नव्हतं. पण भिवरा तिथेच थांबली नाही. तिच्या माहेरी शेणखताची गायरी होती. शेण टाकायचं, पालापाचोळा टाकायचा, वर राख टाकायची, आणि पुढच्या साली खत काढायचं, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. गुरांच्या शेणाची माती होते तर माणसाच्या मळाची का होऊ नये, असं तिनं गोणूला विचारलं. गोणू म्हणाला, कातळात खड्डा कसा खणणार? ती म्हणाली, मग वर बांध.

आणि गोणूनं बांधलं हो! चिऱ्यांच्या दोन कोठ्या, एकीला लागून दुसरी. वर चढायला पायऱ्या, वरती गवताने शाकारलेली खोपटी. आत गेलं की बसायचं, उठताना ओंजळभर राख टाकायची. धुण्याचं पाणी वेगळ्या पन्हळीनं बाहेर, कारण कोठी कोरडी राहिली पाहिजे. एक कोठी भरली की लिंपून बंद करायची आणि दुसरी वापरायची. पन्हळीच्या तोंडाशी भिवरेनं माहेरून आणलेल्या टोपलीभर मातीत झेंडू लावला आणि तो असा फुलला की बांगड्या विकायला आलेल्या कासारानं लांबूनच वहाणा काढून खोपटीला हात जोडले, असं म्हणतात. बायका पदर तोंडात धरून हसल्या, पण त्याला खरं कुणी सांगितलं नाही.

वाडीचा म्हातारा गावकर होता धाकू. त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, देवीच्या सड्यावर घाण साठवायची नाही, खोपटी पाडा. भिवरेनं एक वर्ष मागितलं. तेव्हा पहिली कोठी नुकतीच भरली होती आणि तिनं ती लिंपून टाकली होती. धाकूनं सगळ्यांसमोर ठरवलं, "वर्सानं उघडू. घाण निघाली तर खोपटी पाडायची आन् तू कायमची माहेरी जायचं. माती निघाली तर घरटी एक बांधू." भिवरा हो म्हणाली. गोणूचा चेहरा उतरला, पण ठरलं ते ठरलं.

आता धाकूला कुठला धीर! श्रावणातच त्यानं भर दुपारी कोठीचं झाकण उघडलं. असा वास सुटला की धाकू धावत सुटला तो देवळापाशी जाऊन थांबला. "हरली गोणूची बायको," तिथूनच त्यानं सांगितलं. भिवरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अर्ध्या भाताचं झाकण काढायचं आन् तांदूळ कच्चा म्हनायचं, ह्यो कुठला न्याय?" धाकूला वर्षाची मुदत पाळावी लागली.

बोलली खरी, पण कोठीपाशी येऊन बघते तर काय! उघड्या कोठीत पाऊस शिरला होता, सगळं ओलं झालं होतं, आणि तिच्या एका चुलीची राख त्याला कशी पुरणार? ती पायरीवर बसली आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदा रडली. तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. राही होती. तिनं पदरातली राख कोठीत ओतली आणि आल्या वाटेनं गेली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. मग पलीकडच्या घरातली. मग काय विचारता, रोज सकाळी वाडीतल्या बायकांची रांग, पदरात राख, डोक्यावर दरीतून आणलेल्या सुक्या पाल्याची टोपली! पुन्हा लिंपलेली कोठी अशी तापली की थंडीत वाडीभरच्या कोंबड्या तिच्यावर जाऊन बसायच्या, आणि कातळ अनवाणी पायांना ऊन लागायचा, असं म्हणतात.

वर्ष भरलं. वैशाखात सगळी वाडी जमली. गोणूनं चिरा काढला, पण आत हात घालायला कुणी पुढे होईना. शेवटी राही पुढे झाली. तिनं मूठभर काढलं, नाकाशी नेलं आणि हात सगळ्यांपुढे धरला. काळीभोर, भुसभुशीत माती. रानातल्या झाडाखालच्या मातीसारखा वास.

धाकू म्हणाला, "दिसायला माती हाय. पिकलं तर माती म्हनायची."

मग बायकांनी टोपल्या भरभरून ते सोनखत कातळाच्या खळग्यात ओतलं आणि भिवरेनं त्यात चिबडाचं बी टोचलं. पाऊस पडला आणि वेल निघाला. अहो, निघाला म्हणजे कसा! सकाळी दाराशी, दुपारी देवळाशी, संध्याकाळी कड्यावरून खाली उतरलेला. काळा सडा हिरवागार झाला. भादव्यात चिबूड पिकले तेव्हा वास खाडीपर्यंत गेला आणि होड्या वाट सोडून आमच्या किनाऱ्याला लागल्या, असं म्हणतात. खालच्या गावचे लोक वेल धरधरून वर चढले, आणि त्यातला एकही त्या दिवशी हसला नाही.

राहिला प्रश्न माटवीचा. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला रानातली, परसातली फळं टांगतात. या खतावरचं फळ देवाला चालेल का? सगळे धाकूच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि तिथेच सगळ्यांना दिसलं, की धाकूच्या मिशीला चिबडाचं बी चिकटलंय. त्या दिवशी सकाळीच त्यानं गुपचूप गूळ घालून खाल्ला होता. कुणीतरी खुदकन हसलं. धाकूनं मिशी पुसली, सगळ्यांत मोठा चिबूड उचलला आणि आपल्या हातानं माटवीला बांधला.

त्या वेळी भर दुपार होती. राही उठली, आत गेली, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन अंगणात आली आणि सगळ्यांच्या देखत तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग दुसरा भरून तिनं सुनेच्या हातात दिला.

भिवरा माहेरी गेली ती फक्त सणाला. पुढे घरटी कोठ्या झाल्या, सड्यावर परसं झाली, मुली द्यायला लोक आपण होऊन यायला लागले. आज वाडीला भिवरेचा सडा म्हणतात. माटवीचा पहिला चिबूड अजून तिच्या नावानं बांधतात. आणि आमच्याकडे नवी सून आली की माप ओलांडायच्या आधी सासू तिला उंबऱ्याबाहेर थांबवते. एका हातावर चुलीतली चिमूटभर राख ठेवते, दुसऱ्या हातात भरला तांब्या देते. सगळी वाडी बघत असते. सासू म्हणते, "पी गो बाय, पोटभर पी." तांब्या रिकामा झाल्याशिवाय सून घरात पाऊल टाकत नाही.