कोरड्या अंगाने

त्या मुलखात वर डोंगर होता आणि खाली तळे होते. डोंगरावर शेकोट्या पेटत आणि तळ्याचे पाणी चढत असे. या दोन्ही गोष्टी लहानथोर सगळ्यांना ठाऊक होत्या. फक्त त्या एका दमात कोणी बोलत नसे.

डोंगराच्या माथ्यावर बर्फ होता. त्याच्या थोडे खाली सांबरे, अस्वले, साळिंदरे अशी प्रतिष्ठित मंडळी राहत. तिथे गारठा असे, तेव्हा शेकोटी लागायचीच, त्यात वावगे काही नव्हते. पण पुढे पुढे शेकोटीवरून घराण्याची पत ठरू लागली. ज्याची ज्वाळा उंच तो थोर. भर दुपारी उन्हात बसूनही शेकोटी धगधगती ठेवायची रीत पडली. एकाने ओंडका टाकला की शेजारी दोन टाकी. बर्फ वितळे, त्याचा ओहोळ होऊन खाली धावे आणि तळे भरत राही. ओहोळाच्या खळखळाटाचे वरच्या मंडळींना फार कौतुक होते.

तळ्याच्या मधोमध वाळूचे एक बेट होते. त्याला पुळण म्हणत. पुळणीवर झाड नव्हते, खडक नव्हता, सावलीही नव्हती. ऊन खाऊन उबदार झालेली वाळू तेवढी होती. त्या वाळूत कासवे खड्डा करून अंडी पुरत, आणि कुररी पक्षी आपली अंडी उघड्यावरच ठेवत. पिढ्यान्पिढ्या हे असेच चालत आले होते.

चहूकडे पाणी, म्हणून पुळणीवरची सारी रीतभात कोरडेपणाभोवती फिरे. ओल्या अंगाने कोणी कोणाच्या जागेत पाऊल ठेवत नसे. आधी काठावर थांबायचे, अंग झटकायचे, शेवाळ-चिखल घासून काढायचा, उन्हात पुरते वाळायचे आणि मगच हाक मारायची. दुसऱ्याच्या अंड्यांवर आपल्या अंगचे पाणी ठिबकू देणे याहून मोठा उद्धटपणा त्यांना माहीत नव्हता. भांडायला जायचे असले तरी वाळून जात. अर्धी भांडणे त्यामुळे वाळता वाळताच मिटत.

पाणी चढू लागले तशी पुळण आक्रसत गेली. काठ गेले, काठामागची मऊ वाळू गेली. शेवटी मधला एक उंचवटा उरला आणि त्या मोसमात सगळ्यांनी तिथेच अंडी घातली. कासवांची अंडी एकाच मोठ्या खड्ड्यात, आणि खड्ड्याभोवती कुररींची. पूर्वी वीतभर जागेवरून एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या शेजारणी आता एकमेकींच्या अंड्यांवर वाळू सारत होत्या. पिल्ले बाहेर पडायला अजून अवकाश होता, आणि पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन ठेपले होते.

सगळे एकत्र जमले. कोणी म्हणाले, दैव. कोणी म्हणाले, आपलेच काही चुकले असेल. तेव्हा करवंटीमावशी बोलली. ही एक थोराड कासवीण होती. पाठ करवंटीसारखी गोल, म्हणून सगळे तिला त्या नावाने हाक मारत.

"वर जाऊन सांगू या की," ती म्हणाली. "त्यांना कळलंच नसेल. कळल्यावर कोण असं करील?"

हे ऐकून आज हसावेसे वाटते, पण हसू येत नाही. तेव्हा मात्र ते सगळ्यांना पटले. मग मागायचे काय यावर खल सुरू झाला. तरुण मंडळी म्हणाली, शेकोट्या कायमच्या विझवायला सांगा. वडीलधारी म्हणाली, पाहुण्याने यजमानाच्या घरी असे बोलू नये. घासाघीस होत होत मागणी एवढीच उरली: पिल्ले बाहेर पडेपर्यंत शेकोट्या जरा बारीक करा. याहून कमी मागणे शक्य नव्हते, नाहीतर त्यांनी तेही मागितले असते.

मावशीबरोबर तुरतुरी नावाची कुररी निघाली. ती तापट होती, पण तिची नजर तीक्ष्ण होती आणि उंचवट्यावर तिचीही अंडी होती. निघताना ती म्हणाली, "मावशी, तुझ्या पाठीवरचं शेवाळ, चिखल, सगळं तसंच राहू दे हं. आपण किती तोंड वाजवलं तरी ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे."

डोंगर चढायला कासवाला एकच वाट होती, ती म्हणजे ओहोळ. बर्फाच्या थंडगार पाण्यातून मावशी प्रवाहाविरुद्ध वर सरकत राहिली. काठावरच्या बेडकांनी तिला पाहिले. त्यांची डबकी तळ्याने गिळली होती आणि तळ्यातले मासे त्यांची पिल्ले मटकावत होते. "आम्हीपण येतो," ते म्हणाले. "आमच्याकडे दुसरं काही नाही, आवाज आहे." दगडादगडांवरून उड्या मारत ते निघाले आणि वाटभर आपले गाऱ्हाणे ओरडत राहिले.

डोंगरावरची सभा एका प्रशस्त गुहेत भरे. गुहेच्या मध्यभागी मुलखातली सर्वांत मोठी शेकोटी होती. मंडळी जमली आहेत का, हे बघायला तुरतुरी पुढे उडाली. मावशी गुहेच्या दारापाशी पोहोचली तेव्हा तिच्या अंगावरून पाणी निथळत होते, पाठीवर शेवाळाचा थर होता आणि पायांना बुडालेल्या काठांचा गाळ चिकटला होता.

ती दाराशी थांबली. एका खडकावर तिने पाठ घासली. शेवाळ निघाले, गाळ निघाला. मग ती उन्हात बसली आणि पार कोरडी होईपर्यंत हलली नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट होती ती. आपण काही करतो आहोत हेही तिच्या ध्यानात आले नाही.

तुरतुरी परत आली आणि तिला बघून मटकन खाली बसली.

"अगं मावशी! काय केलंस हे?"

"काय केलं? लोकांच्या घरी ओलं जायचं का?"

"ओलं जायलाच तर आलो होतो आपण!"

मावशीने आपल्या स्वच्छ पायांकडे पाहिले. तिला सगळे कळले, पण आता उपाय नव्हता. आतून बोलावणे आले होते.

सभेचा प्रमुख एक वृद्ध सांबर होता. त्याचे मन खरोखर मोठे होते, हे सांगितले पाहिजे. तो स्वतः उठून पुढे आला. "या, या मावशी. केवढ्या लांबून आलात! आधी शेकायला बसा बघू." मावशी गारठली होती. ती शेकोटीजवळ बसली. ऊब तिला बरी वाटली, आणि बरी वाटली याची तिला लाज वाटली.

आधी बेडूक बोलले. त्यांनी जीव तोडून गाऱ्हाणे मांडले. ते संपले तेव्हा सभेने खूर आपटून दाद दिली, आणि एका साळिंदराने डोळे मिटूनच "पुन्हा एकदा होऊ द्या" अशी फर्माईश केली. बेडूक एकमेकांकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले नाही.

मग मावशीने पुळणीची मागणी सांगितली. जशी ठरली होती तशीच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

सांबराने तिच्याकडे निरखून पाहिले. "पण मावशी, रागावू नका, आपण तर ठणठणीत कोरड्या दिसता."

"मी दाराशी वाळले."

"म्हणजे वाळता येतं ना!" शेकोटीपलीकडून एक अस्वल म्हणाले. ते स्वभावाने दुष्ट नव्हते. तर्क जुळला याचाच त्याला आनंद झाला होता. "आणि कासवांचं काय, पाणी वाढलं तर मोकळीकच की. तुम्ही पोहता."

"मी पोहते, बाबा," मावशी म्हणाली. "अंडं पोहत नाही."

कोणी डोळे पुसले, आणि तो दोष सगळा धुराचा नव्हता. अस्वलाने मान खाली घातली. सांबर बोलला तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता. पुळण टिकली पाहिजे, असे तो म्हणाला. पुळण टिकलीच पाहिजे, असे सभेने एकमुखाने म्हटले. तुरतुरीच्या काळजात त्या क्षणी आशा पालवली, हे तिने पुढे स्वतःच कबूल केले.

आता आधी शेकोटी कोणी बारीक करायची, एवढाच प्रश्न उरला.

अस्वल म्हणाले, "आमची शेकोटी कालपरवाची. सांबरांची आजोबा-पणजोबांपासूनची. बर्फ वितळवलाय तो त्यांनी. पहिला मान त्यांचा."

सांबर म्हणाला, "खरं आहे. पण मी आज बारीक केली आणि तुम्ही उद्या मोठी केलीत, तर कळपाला मी काय तोंड दाखवू?"

साळिंदर म्हणाले, "सगळ्यांनी एकदमच करू या. म्हणजे कोणाचं कमीजास्त नाही. पुढच्या हिवाळ्यानंतर बसू आणि ठरवू."

हे सर्वांना फार समंजस वाटले. तेवढ्यात कोणाला तरी आणखी एक सुचले. अंडीच इकडे आणावीत! वर जागा भरपूर आहे, खडकाचा एक सबंध सपाट तुकडा पुळणीच्या नावाने राखून ठेवता येईल. मावशीने सांगितले की खडकात खड्डा होत नाही, आणि पुरलेले अंडे हलवले की आतला जीव मरतो. त्यावर सांबराने हळहळून मान हलवली. प्रस्ताव तरी चांगला होता, असे तो म्हणाला.

सभा उठायची वेळ झाली. डोंगरावर एक जुनी चाल होती: पाहुण्याने निघताना शेकोटीवर आपल्या हाताने लाकूड ठेवायचे. त्याशिवाय बोलणे पक्के धरत नसत. सांबराने मावशीसाठी स्वतः एक लाकूड निवडून आणले. चांगले वाळलेले, चटकन पेटेल असे.

"ठेवू नकोस, मावशी!" तुरतुरी किंचाळली. "तुला दिसत नाही का हे काय आहे ते?"

मावशीला दिसत होते. पण सभेने पुळण टिकली पाहिजे असे म्हटले होते, आणि ते बोलणे कच्चे राहू द्यायचा धीर तिला होईना. शिवाय ज्याच्या घरी बसलो त्याच्या घरची रीत मोडायची, हे तिच्या रक्तातच नव्हते. तिने लाकूड तोंडाने ढकलत ढकलत विस्तवापर्यंत नेले. ज्वाळा उंच उठली आणि सभेने पुन्हा खूर आपटले. सगळी दाद मनापासूनची होती. तेच फार वाईट होते.

उतरायला वेळ लागला नाही. ओहोळ इतका फुगला होता की त्याने मावशीला उचलूनच खाली आणले. तुरतुरी तिच्या आधी पोहोचली होती आणि पाण्यावर घिरट्या घालत होती. तिच्याखाली तळे होते, सरळ आणि सपाट, या काठापासून त्या काठापर्यंत. जिथे उंचवटा होता तिथे कासविणी गोल गोल पोहत होत्या. अधूनमधून एखादी बुडी मारी, खालच्या वाळूत खड्डा शाबूत आहे हे बघून येई आणि पुन्हा फिरू लागे.

बऱ्याच वेळाने एकीने विचारले, "काय म्हणाले गं ते?"

"सगळ्यांना वाईट वाटलं," मावशी म्हणाली.

पुढे एकेक करून सगळे पांगले. कासविणी खडकाळ काठांकडे गेल्या, जिथे पुरायला वाळू नाही, पुढची अंडी पोटात धरून नुसते हिंडता येते. कुररी आणखी लांब, कुठल्या तरी दुसऱ्या पाण्याच्या शोधात उडून गेल्या. मावशी गेली नाही. तुरतुरीलाही जाता आले नाही. पहिली अंडी गेली की कुररी त्याच मोसमात आणखी एकदा अंडे घालते. ते तिच्या पोटात आले होते आणि ते घेऊन लांब उडणे तिला झेपणारे नव्हते. दिवसभर ती मोकळ्या पाण्यावर फिरत राहिली. तिचे पंख दुखू लागले.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "टेकायला कुठे जागाच नाही गं."

मावशी वर आली. तिने श्वास भरून घेतला आणि पाठ पाण्याबाहेर काढली. उन्हाने पाठ हळूहळू वाळली. तुरतुरी उतरली, आणि मधल्या खोलगट जागेत तिने एकुलते एक अंडे घातले.

त्या दिवसापासून मावशीने बुडी मारलेली नाही. तळाशी कोवळे गवत आहे, तिकडे ती बघत नाही. तुरतुरी मासे आणून तिच्या तोंडात देते. वारा सुटला की मावशी चारी पाय ताणून अंग तोलून धरते आणि लाट ओसरेपर्यंत डोळे मिटते.

वर डोंगरावर एके सकाळी धुके फाटले. सभेची मंडळी शेकोटीपाशी जमली होती. सांबर कड्याच्या टोकाशी गेला, त्याने खाली पाहिले आणि तो आनंदाने ओरडला, "अरे, इकडे या! ती बघा पुळण. आहे की अजून!"

सगळे धावत कड्यावर आले. तळ्याच्या मधोमध, लखलखत्या पाण्यात, एक बारीक काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. कोणी म्हणाले, उगाच घाबरवले आपल्याला. कोणी म्हणाले, नाही, आपण बोललो त्याचा उपयोग झाला. अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आले. इतके दिवस त्याला धड झोप लागली नव्हती. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, मन खात होते म्हणून बाजूला ठेवलेला आपला थोरला ओंडका उचलला आणि शेकोटीवर ठेवला.