शब्दकोशात नसलेला बाक

"पण चूक कुणाची, बाबा? माझी की त्याची?"

टेकडीवरच्या दर्ग्यात राहणाऱ्या मस्तानबाबांपुढे इनामदार मास्तर तावातावाने बोलत होते. आश्रमशाळेत ते इंग्रजी शिकवत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. बाबा लसूण सोलत होते.

झालं होतं ते असं. मास्तरांनी एका मुलीच्या बापाला, भिवसेनला, फोन करून सांगितलं, "तुमची कौसल्या फार सिरियस आहे." मुलगी मन लावून शिकते, असं कौतुक करायचं होतं. भिवसेनने पुढचं ऐकलंच नाही. तासाभरात तो जीप करून आला, सोबत चार माणसं. कौसल्या फळ्यापाशी गणित सोडवत होती. त्याने लेकीला कवटाळलं आणि तसंच घरी नेलं.

आता शिष्यवृत्तीची परीक्षा आठ दिवसांवर, आणि तो तिला पाठवायला तयार नाही.

"इतकी हुशार पोर, बाबा..." मास्तर कळवळून म्हणाले. मग लगेच राग. "आणि बाप असा अडाणी!"

त्यांनी पिशवीतून जाडजूड शब्दकोश काढला.

"हे बघा. सिरियस म्हणजे मनापासून काम करणारा. छापलेलं आहे!"

बाबांनी हात पुसले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, पान उलटून मागूनही पाहिलं.

"बाक दिसत नाही यात."

"कसला बाक?"

"तालुक्याच्या दवाखान्यातला. मी आणि भिवसेन बसलो होतो त्यावर. कौसल्याची आई आत होती. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, सिरियस आहे."

मास्तरांनी शब्दकोश परत घेऊन मिटला.

"...मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

बाबांनी पुन्हा लसूण हातात घेतला. मास्तरांनी शब्दकोश पिशवीत टाकला आणि उठले. तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"आत्ताच जातो त्याच्याकडे. हात जोडतो, सॉरी म्हणतो. पोरीचं वर्ष वाया जायला नको."

ते पायरी उतरणार, तेवढ्यात बाबांनी त्यांची बाही धरली.

"हात जोडा, मास्तर. पण सॉरी म्हणू नका... डॉक्टर दुसऱ्यांदा बाहेर आला, तेव्हा एवढंच बोलला होता."