हळदीची रेघ

एका राज्यात मुले झोपेतून उठेनाशी झाली, आणि त्याला कारण राणी इरावती होती.

त्या राज्यात पहाटे निळी फुलपाखरे येत आणि मुलांच्या पापण्यांवरची झोप उचलून नेत. ती कोठून येतात, हे कोणी विचारले नव्हते. एकदा राजकन्या कुमुदिनीच्या पापणीला मुंगी चावली. संतापलेल्या राणीने मांत्रिकाकडून मंतरलेली हळद घेतली, सगळ्या मुंग्या राज्याबाहेर घालवल्या आणि सीमेवर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. पुढच्या ऋतूत एकही फुलपाखरू आले नाही. कुमुदिनी निजली, ती निजलेलीच राहिली.

तीन महिने राणी उशाशी बसून होती. अखेर खिडकीत भारद्वाज पक्षी आला.

"राणीसरकार, फुलपाखराची अळी मुंग्यांच्या घरी वाढते. ती त्यांना मधाचा थेंब देते, त्या तिची राखण करतात. आपण दाईला हाकलले आणि बाळाची वाट पाहत बसलात."

राणी अनवाणी सीमेवर गेली. रेघेपलीकडच्या वारुळावर मुंगीराणी बसली होती.

"चार दाणे उचलले, एकदा चावलो, म्हणून देशोधडीला लावलेस. आता काय हवे?"

"माझी मुलगी जागी व्हायला हवी."

"मग तीन कामे कर."

पहिले काम रेघ पुसण्याचे. मंतरलेल्या हळदीची रेघ, जिने ओढली तिच्याच हाताने पुसली जाणार होती. सात दिवसांनी राणीचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. दुसरे काम, राज्यातल्या झुडपावर उरलेली एकुलती अळी उघड्या तळहातावर वारुळापर्यंत आणण्याचे. गांधीलमाश्या मनगटाला डसल्या. राणीने मूठ मिटली नाही. मुंग्यांनी अळी आत नेली. पंधरा दिवसांनी तिचा कोश झाला.

"तिसरे काम सोपे आहे," मुंगीराणी म्हणाली. "कोश आम्ही मुलीच्या उशाशी नेऊ. वाट तिच्या चेहऱ्यावरून आहे. तू हात हलवायचा नाहीस."

शंभर मुंग्या कोश घेऊन कुमुदिनीच्या गालावर चढल्या. एक मुंगी नेमकी त्याच पापणीवर थबकली. राणीचा उजवा हात आपसूक उठला. तो तिने डाव्या हाताने धरून ठेवला. मुंगी पुढे गेली.

कोश उकलला. फुलपाखराने पंख वाळवले आणि दुधावरची साय काढावी तशी कुमुदिनीची झोप काढून घेतली. मुलीने डोळे उघडले व आईचे हात पिवळे का, असे विचारले. तोवर फुलपाखरू शेजारच्या खिडकीत गेले होते. दिवस मावळेपर्यंत राज्यातले प्रत्येक मूल जागे झाले.

दुसऱ्या दिवशी दरबारात ठरले, की मुंग्यांनी हवे तेथे वारूळ करावे. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यावर चढू नये. मुंगीराणीने ते मान्य केले. साखरेच्या बरण्यांचे काय, असे प्रधानांनी विचारले. त्या पाण्याच्या परातीत ठेवाव्यात, असे राणीने सांगितले. मुंगीराणीला हे रुचले नाही, पण तिने होकार दिला. प्रधानांनीही दिला, जरा वेळाने.