टिटवीचं वळण

हिंगणमाळाच्या तळ्यावर पाहुणे आले की बाबूतात्या गुरव त्यांना आधी बांधावरून चालवत नेतात. ओढ्याकडून निघालेला दगडी बांध सुतात सरळ येतो आणि टेकडीला टेकायच्या आधी एकदम बाहेर पोट काढून वळसा घेतो. "आखणी चुकली का हो?" असं कुणीतरी विचारतंच. तात्या हसतात, टोपी सारखी करतात आणि तिमक्काची हकिकत सांगतात.

पाच-सहा पिढ्यांमागं म्हणे ओळीनं तीन वर्षं पाऊस नुसता शिंपडून गेला. ज्वारी कणीस बाहेर पडायच्या आत पोटऱ्यातच करपली, माळावरची हरणं पाण्यापायी कुठल्या कुठं निघून गेली. इथं पाऊस मुळातच चार दिवसांचा. तेवढ्यात अडवला तर वर्ष निघतं, नाही तर ओढ्यानं वाहून जातो. म्हणून रखमाजी पाटलांनी तळं बांधायला वडारांचा तांडा बोलावला. त्यात तिमक्का होती. दगड फोडण्यात तिचा हात धरणारा गडी नव्हता. बोलायला मात्र थोडकी.

मृग तोंडावर आला. बांध टेकडीला भिडायला वीस-पंचवीस हात उरले होते. तिमक्का पाया उकरायला गेली, तोच टिटवी ओरडत तिच्या डोक्यावर झेपावली. खाली खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. तिमक्कानं पहार बाजूला ठेवली.

पाटील तरातरा आले. "तिमक्का, काम का थांबलं?"

"हितनं बांध न्यायचा न्हाई, पाटील. वळसा घिऊ."

"वळशाला दुप्पट दगड लागंल. आभाळ भरून आलंय. तोंड उघडं राहिलं आन् पाणी गेलं, तर गावानं काय खायचं?"

"ती बी पावसाचीच वाट बघत्यात," अंड्यांकडं बोट दाखवत तिमक्का म्हणाली. "वळशाचा दगूड मी वाहते. गावाला तोशीस न्हाई."

असं सांगतात की, दुसऱ्या दिवशी पाऊस समोरच्या डोंगरावर येऊन उभा राहिला. काळाभोर, ओल्या मातीचा वास यावा इतका जवळ. पण उतरेना. एक दिवस गेला, दोन गेले. हिनंच पाऊस अडवलाय, असं बाया तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागल्या. तिचा नवरा हणमाही काकुळतीला आला, "ऐक की गं, लोक मारतील आपल्याला."

तिमक्काचे खांदे सोलवटले होते. आपल्यापायी गाव उपाशी मेलं तर, या भीतीनं तिला घास गिळवेना. डोंगराकडं बघायची तिची छाती होत नव्हती. पण टिटवी अंड्यांवरून हलत नव्हती, आणि तिमक्काही दगडांवरून. शेवटी हणमानंही तिच्या शेजारी दगड उचलला.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता वळशाचा अखेरचा दगड बसला. त्याच वेळी टिटवी अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या चार पिल्लांना मागं घेऊन टेकडीच्या चढाला लागली. ती वर पोचली आणि मग पाऊस उतरला. दुपारपर्यंत तळ्यात पाणी मावेना. तिमक्का बांधावर बसून भिजत राहिली. हसत होती की रडत होती, कुणाला कळलं नाही.

त्या साली हस्तानंही हात दिला. शाळू डोक्याएवढा वाढला, हरणं माळावर परतली. पाटलांनी तिला बोलावून विचारलं, "तिमक्का, गावानं तुला काय द्यावं?"

"वळणातलं पाणी माणसानं नेऊ नये. तेवढं रानातल्या जीवांचं."

पाटलांनी पाण्यात हात बुडवून शब्द दिला.

आजही त्या वळणात कुणी घागर बुडवत नाही, बैल सोडत नाही. विहिरी आटल्या तरीही नाही. गावात नवी सून आली की सासू तिला सकाळी तिथं घेऊन जाते आणि चिखलातली पावलं दाखवते: हा ससा, हे खोकड, ही हरणी, बरोबर तिचं पाडस. म्हणते, "बघून ठेव गं. हे आपले शेजारी."