सहाव्या कपाचा कान

बाजारपेठेच्या एका गावात एकदा एका व्यापाऱ्याने नवे घर बांधले, आणि नव्या घरात सगळे जुने भरायचे असा निश्चय केला.

जुने म्हणजे चिनी मातीचे. दिवाणखान्यात लोणच्याच्या मोठाल्या बरण्या आल्या, ज्यांना आता कैरीची फोड जन्मात दिसणार नव्हती. ज्या निळ्या नक्षीच्या थाळ्यांत कुणाचे आजोबा जेवले असतील, त्या भिंतीवर खिळ्यांना लागल्या. आल्यागेल्याला व्यापारी सांगे, "वस्तूला वय असलं की घराला वजन येतं." पाहुणा मान डोलावी आणि चहा मात्र त्याला स्टीलच्या ट्रेमधून, बाजारातल्या नव्या कपात मिळे.

या सगळ्यात त्याच्या जिवाचा तुकडा होता तो आजोबांच्या काळचा कपांचा संच. निळ्या वेलींचे, काठाला सोन्याची रेघ असलेले पाच कप. सहावा हरवला असेच सगळे धरून चालले होते. जुने घर पाडताना तो गोठ्याच्या वळचणीला सापडला. कान नव्हता, बाकी धड होता. व्यापाऱ्याने त्याच संध्याकाळी नातेवाइकांना कळवून टाकले की वास्तुशांतीला सहाही कप काचेच्या कपाटात दिसतील, आणि सहाव्याचा कान आमची धाकटी सूनबाई करणार आहे.

सून घरात येऊन चारच महिने झाले होते. ती कमी बोले. त्यामुळे घरात तिला कुणी गरीब म्हणे, कुणी आतल्या गाठीची. तिच्या हातात कला आहे एवढे मात्र सर्वांना मान्य होते, आणि म्हणून सासऱ्याने तिला फुटकी भांडी सांधायची विद्या शिकायला गावाबाहेरच्या एका वृद्ध कारागिराकडे धाडले होते. तिला वाटले, हा कप कपाटात लागला की या घरात आपलीही एक जागा होईल. चार महिन्यांत तिने स्वतःसाठी मागितलेली हीच एक गोष्ट होती, आणि तीही मनातल्या मनात.

पहिल्या दिवशी निघताना सासूबाईंनी तिच्या पिशवीत स्टीलचा एक ग्लास घातला. म्हणाल्या, "आपलं आपल्यापाशी असावं. बाहेरचं पाणी तुला बाधतं." हे सासूबाईंना कधी कळले ते सुनेला कळले नाही. पण नव्या सुनेने सगळेच प्रश्न विचारायचे नसतात.

वृद्ध मितभाषी होता. ती त्याला आबा म्हणे. दुपारी तो चहा करी आणि तिच्या ग्लासात हातभर उंचीवरून धार धरी. पातेल्याचा काठ ग्लासला कधी लागला नाही. किती नेटके काम या माणसाचे, असे तिला दर वेळी वाटे.

सतरा दिवस ती त्या कानाला लागली होती. उरलेल्या पाचांवरून तिने साचा घेतला, लगदा भरला, घासला, वेलीचे शेवटचे पान त्यावर उतरवले. सांध्यावरून नख फिरवले तरी अडत नव्हते. वास्तुशांतीला दोन दिवस असताना तिने तो कप आबांपुढे ठेवला.

आबांनी तो खिडकीशी नेला. पुष्कळ वेळ पाहिला. मग मेजावर ठेवला, लहान हातोडी उचलली आणि एकच टोला दिला. सतरा दिवसांचा कान मेजावरून घरंगळत जमिनीवर गेला.

तिने वाकून तो तुकडा उचलला आणि मुठीत धरून ठेवला.

"काय चुकलं माझं, आबा?"

"हाताचं काही चुकलं नाही. माझ्या हातून इतकं सफाईदार झालं नसतं," आबा म्हणाले. "ये, खिडकीशी ये. कप पडून फुटतो तेव्हा काठाचा टवका जातो, अंगाला तडा जातो. इथं काठ शाबूत आहे, अंग शाबूत आहे. फक्त कान गेलाय, आणि दोन्ही मुळांशी हे बारीक ओरखडे. अडकित्त्याच्या पात्याचे आहेत. हा कान पडलेला नाही पोरी, कुणीतरी धरून मोडलाय. घरातल्या माणसानं चुकून हा कप तोंडाला लावू नये म्हणून ती खूण. आणि त्या पाच कपांची सोन्याची रेघ बघ, जशीच्या तशी. याची पार गेलीय. कारण ज्यानं प्यायचं त्यानंच तो राखेनं घासायचा आणि वळचणीला परत ठेवायचा. त्यातून पिणाऱ्या माणसांना शिवायचं नव्हतं ना कुणी."

आबांनी तो कप तिच्या तळहातावर ठेवला.

"कान नसला की चहा तळहाताला पोळतो. माझी आई पदराची घडी करून धरायची. अंगणाच्या कडेला उकिडवी बसून प्यायची, आणि वर म्हणायची, साखर बरी घालतात हो हे लोक. चुकून फुटलेलं सांधावं, त्यासाठीच आपली विद्या. मुद्दाम मोडलेलं सांधलं, तर मोडणाऱ्याचा हात तेवढा झाकला जातो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. आता पाहिलंस."

मग आबांनी नेहमीप्रमाणे चहा ठेवला. नेहमीप्रमाणे तिचा ग्लास पुढे घेतला आणि हातभर उंचीवरून धार धरली. सुनेची नजर त्या धारेवर खिळली. पातेले आणि ग्लास यांच्यामधले ते अंतर तिने महिनाभर पाहिले होते, आणि त्याला नेटकेपणा म्हटले होते.

तिने ग्लास उचलला, चहा त्या बिनकानाच्या कपात ओतला आणि दोन्ही हातांनी कप धरला. तळवे भाजले. डोळ्यांत पाणी आले तरी तिने तो खाली ठेवला नाही.

"एक दिवस पिऊन ते कळत नाही," आबा शांतपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपे गेले असते.

वास्तुशांतीच्या सकाळी तिने तो कप तसाच, बिनकानाचा, पाचांच्या रांगेत ठेवला. सासऱ्यांनी काम राहिले का असे विचारले.

"झालं होतं, दादा. पण हा कान फुटलेला नाही. मोडलेला आहे."

कुणी मोडला, हे घरात एकानेही विचारले नाही. ज्यांना उत्तर ठाऊक असते ते प्रश्न विचारत नाहीत. सासूबाई कपाकडे पाहत राहिल्या. सासरे म्हणाले की पाचच बरे दिसतात, सहाने दाटी होते, आणि सासूबाईंनी तो कप उचलून आत नेला. पाहुण्यांनी पाच कपांची तोंड भरून स्तुती केली. सुनेच्या कलेचा विषय निघाला नाही.

सगळे पांगल्यावर सून मागच्या दारी गेली. तिथे पायरीवर झाडणारी बाई चहा पीत बसली होती. चहा संपला तसा तिने कप नळाखाली विसळला आणि हात उंच करून खिडकीवरच्या छज्ज्यावर ठेवला. जागा तिला शोधावी लागली नाही. तो सहावा कप होता. सासूबाईंनी तो टाकला नव्हता. त्यांच्या हाताला त्याची जागा पाठ होती.

घराला रंग लागून आठ दिवसही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबांकडे निघताना सुनेने छज्ज्यावरून तो कप काढून पिशवीत घातला. पिशवीतला ग्लास तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सासूबाईंच्या अगदी समोर ठेवला. सासूबाईंनी ग्लासकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि पोळी लाटू लागल्या. त्या दिवसापासून सून घरात आणखीच कमी बोलते असे सगळे म्हणू लागले.

जुन्या वस्तूंनी घर सजवावे, जरूर सजवावे. फक्त कपाटात मांडण्यापूर्वी, त्या आपल्या घरात पूर्वी कुठे ठेवलेल्या असत, एवढे आठवून पाहावे.