कुणी न घेतलेलं नाव

धामणगडच्या सरदारांनी नदीला आपल्या दिवंगत आईचं नाव दिलं आणि नदीबद्दल वाईट बोलणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा ठरवली. पुढे नदीकाठी त्यांचा रंगखाना आला. रंगाचं पाणी नदीत जाई. वरची वस्ती रंगखान्याच्या वर होती, खालची वस्ती मात्र तेच पाणी पिई. तिथली पोरं दात येण्याआधीच दगावू लागली.

सरदारांनी दरबारात कारण विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "पूर्वजन्मीचं पाप." वैद्य म्हणाले, "त्यांचं रक्तच कमअस्सल." कारभारी म्हणाले, "आळशी लोक. चुलीसुद्धा धड सारवत नाहीत."

मागे सगुणा उभी होती. वरच्या वस्तीत जन्मून ती खाली नांदायला गेली होती, आणि तिची दोन्ही लेकरं गेली होती.

सरदार म्हणाले, "तुझं माहेर वर, सासर खाली. फरक कशाचा, तू सांग."

"सरकार, यांनी आमचं पाप काढलं, रक्त काढलं, चुलीसुद्धा काढल्या," सगुणा म्हणाली. "सगळं बोलून झालं. एकीचंच नाव कुणी घेतलं नाही. माझी लेकरं तिनंच नेली. नाव मीही घेत नाही, म्हणजे मला हद्दपार करायला नको."

सरदारांनी पाणी मागितलं. हुजऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. सरदारांनी तो ओठांपर्यंत नेला आणि ते थांबले.

"कुठलं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.