तळ्यातल्या बाईची दुसरी पोथी

फार फार मागे, राक्षस डोंगरात राहत आणि राजे घोड्यावरून गावोगाव फिरत त्या काळी, एका डोंगराळ राज्यात अंतोबा नावाचा लेखक होता. तो भीतीच्या गोष्टी लिही आणि बाजाराच्या दिवशी चावडीवर बसून वाचून दाखवी.

त्या गोष्टी अशा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर सरसरून काटा यावा. तालमीचा वस्ताद येसाजी म्हणजे मोठा दांडगा गडी. पण एकदा गोष्ट संपल्यावर तो हळूच म्हणाला, "अंतोबा, मला जरा घरापर्यंत सोडता का?" लोक पोट धरून हसले. अंतोबाला मात्र राजाने खांद्यावर शाल घातल्याइतका आनंद झाला.

त्याची सर्वांत गाजलेली पोथी होती तळ्यातल्या बाईची. गावच्या तळ्याला नव्वद पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीखाली एक बाई राहते, तिचे दात शेवाळासारखे हिरवे, हात थंडगार, आणि पाण्यात पाय घालील त्याला ती घोटा धरून आत ओढते, अशी ती गोष्ट. शेवटी पाण्यावर एक चप्पल तेवढी तरंगत राही. तिथेच अंतोबा पोथी मिटायचा.

अंतोबाला दहा वर्षांची एक मुलगी होती, सगुणा. एका सकाळी ती डोक्यावर घागर घेऊन टेकडीवरून उतरताना त्याला दिसली. ती घामाने निथळत होती.

"अगं, तळं हाकेच्या अंतरावर असताना टेकडीपलीकडच्या विहिरीवर कशाला गेलीस?" त्याने विचारले.

"मी रोज तिकडेच जाते, आबा. दोन वर्षं झाली."

"का पण?"

सगुणेने घागर खाली ठेवली. "तुमची ती पोथी ऐकली, तेव्हापासून."

"वेडी का काय! ती बाई मी माझ्या मनाने रचली आहे."

"मला ठाऊक आहे," सगुणा म्हणाली. "पण ठाऊक असून पाय पुढे पडत नाही. माझाच नाही, गावातल्या कुठल्याच पोरीचा पडत नाही."

अंतोबा तळ्याकडे गेला. खरेच, घाटावर एकही मूल नव्हते. पायऱ्यांवर गवत उगवले होते. दोन वर्षे तो शेजारच्या वाटेने चावडीवर जात होता आणि हे त्याच्या नजरेला पडले नव्हते.

घरी येऊन तो लेकीला म्हणाला, "तुझ्यासाठी एक गोष्ट लिहितो. राजाराणीची."

आठ दिवस खपून त्याने गोष्ट लिहिली. त्यात राजा भला होता, राणी भली होती, राक्षस दूधभात खात होता आणि राजकन्या दिवसभर झोपाळ्यावर बसून गात होती. सगुणेने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. "छान आहे," ती म्हणाली आणि शेळीला चारा घालायला उठली.

"आवडली नाही वाटतं?"

"आबा, यात कुणाला काही होतच नाही. मग ती राजकन्या शूर कशावरून?"

अंतोबाने ते कागद बाजूला ठेवले आणि तळ्यातल्या बाईची पोथी काढून पुन्हा वाचली. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आले, की भ्यालेले माणूस पुढे काय करते हे त्याने आयुष्यात कधी लिहिलेच नव्हते. माणूस भ्याले, की त्याची गोष्ट संपत असे.

तो नव्याने लिहायला बसला. बाई तीच ठेवली, तिचे दात हिरवेच ठेवले. पण या वेळी तिने एका राजकन्येचा धाकटा भाऊ ओढून नेला होता आणि राजकन्या त्याला आणायला नव्वद पायऱ्या उतरत होती.

"तिचे गुडघे कापत असतील," ऐकता ऐकता सगुणा म्हणाली.

अंतोबाने ते लिहून घेतले.

"आणि दहाव्या पायरीवर तिला माघारी फिरावंसं वाटलं असेल."

त्याने तेही लिहिले. राजकन्या तळाशी पोचली, तेव्हा बाईने विचारले, "मला भीत नाहीस?" राजकन्या म्हणाली, "भिते तर. पण भाऊ माझा आहे, तो मी नेणार." तिने भावाचा हात धरला आणि वर निघाली. अंतोबाने परतीची एकेक पायरी लिहिली. उतरण्याची वाट जेवढी लांब लिहिली होती, तेवढीच चढण्याची.

पुढच्या बाजारी त्याने ही पोथी चावडीवर वाचली. मोठी माणसे चुळबुळ करू लागली.

"म्हणजे ती जिवंत परत येते?" येसाजी वस्ताद म्हणाला. "मग त्यात राम काय राहिला? तुमचा हात बिघडला, अंतोबा."

निम्मे लोक उठून गेले. अंतोबाचे तोंड उतरले. मुले मात्र जागची हलली नाहीत. "पायऱ्या चढतानाचं पुन्हा वाचा," ती म्हणाली. त्याने पुन्हा वाचले.

त्या उन्हाळ्यात टेकडीपलीकडची विहीर आटली. आता पाणी होते ते फक्त तळ्यात. सगुणेने घागर उचलली.

"मी येतो बरोबर," अंतोबा म्हणाला.

"तुम्ही काठावर उभे राहा, आबा."

ती उतरू लागली. दहाव्या पायरीवर थांबली. हाक मारून तिला परत बोलवावे असे अंतोबाच्या फार मनात आले, पण त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. सगुणेने एक लांब श्वास घेतला आणि पुढचा पाय टाकला. खाली पोचली, वाकली, घागर भरून घेतली आणि एकेक पायरी चढत वर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"भ्यालीस?"

"खूप," सगुणा म्हणाली. "पण वर कसं यायचं ते मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी तिच्यामागे चार पोरी आल्या. आठवडाभरात सगळा घाट मुलांच्या आरडाओरड्याने गजबजला. पायऱ्यांवरचे गवत त्यांच्या पायांखालीच झिजून गेले.

अंतोबाने भीतीच्या गोष्टी लिहिणे काही सोडले नाही. बाजाराला त्या हव्याच होत्या आणि त्यालाही त्या लिहायला आवडत. पण तेव्हापासून गोष्टीतल्या कुणालाही त्याने अंधारात तसेच टाकून पोथी मिटली नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: भिववणे कुणालाही जमते, भ्यालेल्याला परतीची वाट दाखवतो तोच खरा गुणी.